विमानाला खोटा ठावठिकाणा सांगितला जातो, तेव्हा

विमान ३८,००० फुटांवर संथ चाललेलं असतं. रात्रीची वेळ, बहुतेक प्रवासी झोपेत. आणि कॉकपिटमध्ये अचानक एक यांत्रिक आवाज ओरडू लागतो: ‘टेरेन! टेरेन! पुल अप!’ म्हणजे समोर जमीन आहे, विमान ताबडतोब वर खेचा. एव्हरेस्टचं शिखरसुद्धा २९,००० फुटांच्या आसपास संपतं, त्यामुळे इतक्या उंचीवर डोंगर आडवा येणं शक्यच नाही, हे वैमानिकांना ठाऊक असतं. ते इशारा गप्प करतात, घटनेची नोंद करतात आणि पुढे जातात. २०२३ च्या सप्टेंबरपासून इराक, काळा समुद्र, पूर्व भूमध्य समुद्र अशा भागांवरून जाणाऱ्या वैमानिकांना हे इतक्या वेळा ऐकावं लागलं आहे की, अनेकांना त्याचं काही वाटेनासं झालं आहे. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच गोष्टीची. पण तो इशारा खोटा का ठरतो, हे कळायला आधी उपग्रहांपासून सुरुवात करावी लागेल.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण अखंड एकच माहिती पाठवत राहतो: मी अमुक उपग्रह, या क्षणी मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. विमानातला रिसीव्हर संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतला फरक काढतो. रेडिओलहरी सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातात, त्यामुळे त्या फरकावरून उपग्रहाचं अंतर कळतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा ठरते. चौथा लागतो तो रिसीव्हरच्या स्वतःच्या साध्या घड्याळातली चूक काढून टाकायला. जागा मोजायची ही सगळी करामत वेळेवर उभी आहे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं.

उपग्रहाकडे सौर पॅनेलवर मिळते तेवढीच वीज असते आणि त्याला अर्धी पृथ्वी व्यापेल एवढ्या भागावर सिग्नल पसरायचा असतो. त्यामुळे जमिनीपर्यंत जे पोहोचतं ते नगण्य असतं. एका वॅटचे कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी भाग करा आणि उरलेल्या कणाचे आणखी शंभर. साधारण तेवढी शक्ती अँटेनावर पडते. ती वातावरणातल्या आणि यंत्राच्या स्वतःच्या नैसर्गिक गोंगाटापेक्षाही कमी असते. सिग्नलची रचना आधीच माहीत असते म्हणून रिसीव्हर तो त्या गोंगाटातून शोधून काढू शकतो. इतक्या अशक्त लहरींवर जगभरची हवाई वाहतूक, बोटी, फोन आणि बँकांची घड्याळं चालतात, हे मला आजही थक्क करतं.

आता कल्पना करा, लांबवरून कुणी तरी कुजबुजत तुम्हाला रस्ता सांगतंय. तुमच्या शेजारी उभं राहून दुसऱ्या कुणी नुसती आरडाओरड केली, तर ती कुजबुज ऐकूच येणार नाही. हे झालं जॅमिंग. पण त्या दुसऱ्याने ओरडण्याऐवजी पहिल्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली, फक्त किंचित मोठ्याने, आणि भलताच रस्ता सांगितला, तर? तुम्ही बिनदिक्कत त्याच्या मागे जाल. हे स्पूफिंग.

दोन्हींत फार मोठा फरक आहे. जॅमिंग झालं की विमानातली यंत्रणा सरळ सांगते, जीपीएस मिळत नाही. वैमानिक दुसऱ्या साधनांकडे वळतात, त्याचा सराव त्यांना असतो. स्पूफिंगमध्ये मात्र यंत्रणेला सगळं आलबेल दिसतं. उपग्रह भरपूर, सिग्नल चांगला, फक्त जागा खोटी. नागरी जीपीएसच्या सिग्नलची रचना पहिल्यापासून सर्वांसाठी खुली आहे, तिच्यावर ना सही ना शिक्का. संदेश खरोखर उपग्रहाकडूनच आला आहे का, हे पडताळण्याची सोय मूळ सिग्नलमध्ये नाही. ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठातले प्राध्यापक टॉड हम्फ्रीज यांनी २०१२ मध्ये एका ड्रोनला आणि २०१३ मध्ये भूमध्य समुद्रातल्या एका आलिशान यॉटला खोट्या सिग्नलने मार्गावरून हलवून दाखवलं होतं. दोन्ही वेळा संबंधितांच्या संमतीने. तेव्हा हा प्रयोगशाळेतला प्रकार वाटला होता.

विमानांना मुद्दाम चकवायचं म्हणून हे चाललं आहे, असं बहुतेक ठिकाणी नाही. निशाणा असतो ड्रोन आणि जीपीएसवर चालणाऱ्या बॉम्ब-क्षेपणास्त्रांवर. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी स्वस्त ड्रोनचा मारा सुरू झाला आणि ते भरकटवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे जीपीएस बिघडवणं. यातूनच एक विचित्र गोष्ट उलगडते. खोट्या सिग्नलने दाखवलेली जागा बऱ्याचदा एखादा विमानतळ असते. २०१६ मध्ये मॉस्कोत क्रेमलिनजवळ फिरणाऱ्यांचे फोन त्यांना व्नुकोवो विमानतळावर असल्याचं सांगत होते. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या वीसहून अधिक जहाजांना आपण गेलेंजिकच्या विमानतळावर आहोत असं दिसलं. २०२४ मध्ये इस्राएलमधल्या लोकांना नकाशा बैरुतच्या विमानतळावर नेऊन ठेवत होता. याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं की, बाजारात मिळणारे अनेक ड्रोन विमानतळाजवळ उडू नयेत म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच तशी बंदी घातलेली असते. आपण विमानतळावर आहोत अशी ड्रोनची समजूत करून दिली की तो उडायचं नाकारतो किंवा खाली उतरतो.

मग ड्रोनसाठी टाकलेलं हे जाळं ३८,००० फुटांवरच्या विमानाला कसं लागतं? या लहरी सरळ रेषेत जातात. जमिनीवरच्या माणसाला डोंगर, इमारती आणि पृथ्वीची गोलाई आडोसा देतात. विमानाला तसा आडोसा नसतो. त्या उंचीवरून त्याची ‘नजर’ चारेकशे किलोमीटरपर्यंत पोहोचते, आणि तेवढ्या टापूत कुठेही जोरदार प्रक्षेपक लावला असेल तर त्याची झळ विमानाला बसते. म्हणून युद्ध एका देशात आणि त्रास दोन देश पलीकडच्या हवाई मार्गावर, असं होतं.

आकडे याची व्याप्ती सांगतात. वैमानिक आणि उड्डाण-नियोजकांचा ऑप्सग्रुप नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. त्याच्या अहवालानुसार २०२४ च्या सुरुवातीला दिवसाला सुमारे ३०० उड्डाणांना स्पूफिंगचा फटका बसत होता. ऑगस्टपर्यंत ही संख्या १,५०० वर गेली. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा सांगते की, जीपीएस सिग्नल गमावण्याच्या घटना २०२१ ते २०२४ या काळात २२० टक्क्यांनी वाढल्या. भारताच्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली विमानतळाजवळही स्पूफिंग झाल्याचं राज्यसभेत मान्य केलं गेलं.

आता विमानाच्या आत डोकावू. इथेच खरी गुंतागुंत आहे.

आपल्याला वाटतं, जीपीएस म्हणजे नकाशावरचा ठिपका. आधुनिक विमानात जीपीएसची माहिती नकाशापलीकडे कितीतरी यंत्रणांपर्यंत झिरपलेली असते. विमानाचं घड्याळ जीपीएसवरून लागतं. विमान दर सेकंदाला आपली जागा प्रसारित करतं, त्या एडीएस-बी यंत्रणेत जीपीएसचीच जागा जाते. नियंत्रण कक्षाशी मजकुरातून बोलण्याची डेटालिंक वेळेच्या शिक्क्यावर चालते; घड्याळ चुकलं की संदेश नाकारले जातात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन संमेलनात सायबरसुरक्षा तज्ज्ञांनी एका प्रवासी विमानाची हकिकत सांगितली. खोट्या सिग्नलने त्याचं घड्याळ काही वर्षं पुढे गेलं, सांकेतिक संपर्कयंत्रणा बंद पडली आणि सगळं पूर्ववत करेपर्यंत ते विमान काही आठवडे जमिनीवर राहिलं. नकाशावरचा ठिपका चुकला तर वैमानिकाच्या लक्षात येतं. घड्याळ चुकलं तर त्याचे धागे कुठे कुठे तुटतील, हे सांगणं अवघड असतं.

वैमानिकांकडे जीपीएसच्या आधीपासूनचं एक भरवशाचं साधन आहे, इनर्शियल यंत्रणा. निघालो कुठून आणि तेव्हापासून कोणत्या दिशेला किती वेग घेतला, याचा हिशेब ती जायरोस्कोप आणि त्वरणमापकांच्या मदतीने स्वतःच ठेवते. बाहेरून काहीच ऐकत नाही, त्यामुळे तिला कुणी फसवू शकत नाही. तिचा दोष एवढाच की हिशेबात हळूहळू चूक साठत जाते. ताशी दोन सागरी मैलांपर्यंत चूक मानकांना मान्य असते. ही चूक सतत दुरुस्त करायला अनेक विमानांत जीपीएसची जोड देतात. नेहमीच्या दिवशी हे उत्तमच. पण जीपीएस खोटं सांगू लागलं की काही विमानांत तोच खोटेपणा ‘दुरुस्ती’ म्हणून इनर्शियलच्या हिशेबात शिरतो. म्हणजे ज्याच्याशी ताडून खोटं पकडायचं, तो साक्षीदारच बिघडतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये इराकवर नेमकं हेच झालं. एका बोइंग ७७७ च्या वैमानिकांना, आत्ता किती वाजले आणि आपण कुठे आहोत, हे बगदादच्या नियंत्रण कक्षाला विचारावं लागलं. एक छोटं खाजगी जेट भरकटत इराणच्या हद्दीत विनापरवाना शिरण्याच्या बेतात होतं.

हद्द ओलांडण्याची भीती पोकळ नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अलास्काहून सोलकडे जाताना मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ जण गेले. तेव्हा जीपीएस अमेरिकी लष्कराची तयार होत असलेली यंत्रणा होती. या घटनेनंतर काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या प्रशासनाने जाहीर केलं की, ती पूर्ण झाल्यावर नागरी विमानांनाही मोफत वापरता येईल. विमानांनी वाट चुकून मृत्यूच्या दारात जाऊ नये म्हणून जी यंत्रणा जगाला खुली झाली, तिचाच आवाज काढून आज विमानांना वाट चुकवली जाते. याची मला मनापासून चीड येते.

आणि आता पुन्हा त्या जमिनीच्या इशाऱ्याविषयी. विमान व्यवस्थित चालू, वैमानिक शुद्धीवर, आणि तरी अंधारात किंवा ढगात विमान डोंगरावर जाऊन आदळतं, असे अपघात एकेकाळी प्रवासी विमानांतल्या मृत्यूंचं फार मोठं कारण होते. डॉन बेटमन या कॅनेडियन अभियंत्याने त्यावर आयुष्य खर्ची घातलं. त्यांची आधीची यंत्रणा रेडिओलहरींनी विमानाखालची जमीन मोजायची, त्यामुळे समोरचा उभा कडा तिला उशिरा कळायचा. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं विमान डोंगरावर आदळलं तेव्हा इशारा मिळाला, पण जेमतेम बारा-तेरा सेकंद आधी. १५९ जणांचा मृत्यू झाला. बेटमन यांच्या सुधारित यंत्रणेत जगभरच्या भूभागाच्या उंचीची माहिती साठवलेली असते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले नकाशेही त्यांनी मिळवले होते. आपली जागा जीपीएसवरून घ्यायची, पुढे काय आहे ते साठवलेल्या नकाशात पाहायचं आणि मिनिटभर आधीच सावध करायचं. ही यंत्रणा आली आणि अशा अपघातांचं प्रमाण झपाट्याने घटलं. तिच्यामुळे किती जण सुखरूप घरी पोहोचले, हे त्या प्रवाशांना कधी कळणारही नाही.

या यंत्रणेला खोटी जागा आणि खोटी उंची मिळाली की ती ३८,००० फुटांवर ओरडते. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर. स्पूफिंगचा भाग मागे पडून काही तास झाले तरी रिसीव्हर पूर्ण सावरलेला नसतो, आणि मग उतरताना, प्रत्यक्ष डोंगराळ मुलखात, तोच आवाज येतो. वैमानिकाला शिकवलेलं असतं की हा इशारा आला की विचार करत बसायचं नाही, विमान वर घ्यायचं. आता मात्र त्याला दोन क्षण थांबून ठरवावं लागतं की हा खरा की मघासारखाच. काही जण खोट्या इशाऱ्यांचा त्रास नको म्हणून यंत्रणेचा नकाशावर चालणारा भाग बंद ठेवतात. काही वेळा तसं करण्यावाचून इलाजही नसतो. तीस वर्षं खपून कमावलेला हा भरवसा झिजतो आहे, आणि त्याची किंमत कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

सगळा दोष युद्धांना देऊनही चालणार नाही. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळावर जीपीएसला पूरक अशी विमान उतरवण्याची नवी यंत्रणा बसवली जात असताना तिच्यात वारंवार अडथळे येऊ लागले. अशाच एका अडथळ्याचा माग काढल्यावर सापडला एक ट्रकचालक. मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून त्याने गाडीत छोटा जॅमर लावला होता. २०१३ मध्ये त्याला सुमारे ३२,००० डॉलर दंड सुनावला गेला. असे जॅमर बहुतेक देशांत बेकायदा आहेत.

एक गैरसमजही दूर करायला हवा. २५ डिसेंबर २०२४ रोजी अझरबैजान एअरलाइन्सचं विमान कझाकस्तानात अक्ताऊजवळ पडलं, ३८ जण गेले. रशियातल्या ग्रोझनीजवळ त्याचा जीपीएस गेला होता, हे खरं. पण ते पडलं ते जीपीएस गेल्यामुळे नव्हे. हवाई संरक्षणाच्या माऱ्यात त्याचं नुकसान झालं होतं, आणि आपली क्षेपणास्त्रं त्याच्याजवळ फुटली हे पुढे रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीही मान्य केलं. जीपीएस बिघडवलं जातं त्या आकाशात बहुधा इतर धोकेही फिरत असतात. दोन्ही एकत्र पाहिले तरच हिशेब नीट लागतो.

मग प्रवाशाने घाबरावं का? माझ्या मते नाही. वैमानिक आता अशा भागात शिरण्याआधीच तयारी करतात. उड्डाण-संगणकाला जीपीएस ऐकू नको असं सांगता येतं. मनगटावरचं घड्याळ जुळवलेलं असतं. नियंत्रण कक्षाचं रडार विमानाला स्वतंत्रपणे पाहत असतं आणि दिशा सांगू शकतं. मोठ्या विमानतळांवर उतरायला आयएलएस असते, म्हणजे धावपट्टीजवळच्या अँटेनांनी आखून दिलेली रेडिओवाट. तिचा उपग्रहांशी संबंध नाही. भारतातही आता असा प्रकार लक्षात आल्यापासून दहा मिनिटांत कळवायचा नियम आहे. थोडक्यात, विमान हरवत नाही. पण वैमानिकाच्या डोक्यावरचा भार वाढतो, आणि उड्डाणात आधीच दुसरी काही अडचण असेल तेव्हा हा जादा भार जड जातो.

उपाय आहेत, फक्त त्यांचा वेग कमी आहे. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी २४ जुलै २०२५ पासून नागरी सिग्नलवर डिजिटल सही देणं अधिकृतपणे सुरू केलं. त्यामुळे संदेश अस्सल आहे की नाही, हे रिसीव्हर तपासू शकतो. मात्र सध्या उडणाऱ्या बहुतेक प्रवासी विमानांतले रिसीव्हर फक्त जुना जीपीएस सिग्नल ऐकतात, आणि विमानातला कुठलाही भाग बदलायचा तर चाचण्या आणि प्रमाणपत्रांत वर्षं जातात. त्यातही सहीमुळे नक्कल पकडता येते, जॅमिंग थांबत नाही. त्यासाठी वेगळी अँटेना लागते: ज्या दिशेने जॅमिंग येतंय तिकडे कान बंद करणारी. ही लष्करी विमानांत आहे, नागरी विमानांत तिच्या वाटेत खर्चाबरोबर निर्यातबंदीचे नियमही येतात. ब्रिटनमध्ये २०२४ च्या मे महिन्यात क्वांटम तंत्रावरच्या दिशादर्शनाची उड्डाणचाचणी झाली, पण ते नेहमीच्या विमानात यायला अजून बराच अवकाश आहे.

म्हणून जुन्या, जमिनीवरच्या रेडिओयंत्रणा टिकवणं मला नव्या शोधांइतकंच तातडीचं वाटतं. उपग्रह आहेत तर हा खर्च कशाला, असा विचार करून गेल्या काही दशकांत बऱ्याच देशांनी त्या कमी केल्या. अमेरिकेने लोरान ही लांब पल्ल्याची यंत्रणा २०१० मध्ये बंद केली आणि विमानांना दिशा दाखवणाऱ्या व्हीओआर या रेडिओकेंद्रांची संख्या सुमारे नऊशेंवरून सहाशेंच्या आसपास आणायचं ठरवलं.

असं केल्यावर काय होतं, ते एस्टोनियातल्या टार्टू शहराने अनुभवलं. तिथल्या छोट्या विमानतळावर विमानं उतरायची ती जीपीएसच्या आधाराने. २०२४ च्या एप्रिलच्या अखेरीस लागोपाठ दोन दिवस फिनएअरची विमानं तिथवर जाऊन, सिग्नल मिळेना म्हणून, हेलसिंकीला परत फिरली. कंपनीने २९ एप्रिलपासून महिनाभर ही सेवाच थांबवली. त्या महिन्यात विमानतळासाठी जमिनीवरच्या अंतरमापक केंद्रांच्या आधाराने उतरण्याची पद्धत तयार करण्यात आली आणि जूनच्या सुरुवातीला उड्डाणं पुन्हा सुरू झाली. बाल्टिक परिसरातलं जॅमिंग थांबलेलं नव्हतं.